जुन्या गाडीचा टेम्परेचर काटा खाली-वर होतोय? पार्ट बदलण्याआधी हे तपासून पाहा

काटा मध्यावरून लाल पट्टीकडे जातो, थोड्या वेळाने आपोआप खाली येतो आणि गाडी गॅरेजला नेली की शहाण्यासारखा जागेवर बसतो. पंधरा-वीस वर्षं वापरलेली गाडी ज्याच्याकडे आहे, त्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. आधी सेन्सर, मग थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला पाण्याची वाट उघडणारी झडप), मग रेडिएटर, आणि शेवटी "साहेब, हेड खोलून बघायला लागेल." यातला निम्मा खर्च तरी टाळता येतो, कारण काटा ज्या पद्धतीने हलतो त्यातच दोषाचं बरंचसं उत्तर असतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छोट्या गाडीच्या इंजिनात साधारण साडेतीन ते पाच लिटर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाण्याचं मिश्रण, असतं आणि त्याभोवती धातूचा जड ठोकळा. एवढा ऐवज सेकंदात वीस अंशांनी तापत नाही आणि सेकंदात गारही होत नाही. म्हणून काटा झटक्यात उडाला तर संशय आधी वायरिंग, अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी बॉडीची जोडणी, म्हणजे 'अर्थिंग'), सेन्सर किंवा मीटरवर घ्यायचा. काटा मिनिटभर घेऊन सावकाश चढला-उतरला तर तापमान खरंच बदलतंय असं धरायचं आणि पाणी, पंखा, थर्मोस्टॅट, रेडिएटर यांच्याकडे वळायचं.

याला एकच अपवाद आहे आणि तो धोक्याचा आहे. सिस्टीममध्ये पाणी कमी झालं किंवा हवा अडकली, तर सेन्सरचं टोक कधी पाण्यात, कधी वाफेत, कधी नुसत्या हवेत राहतं. तेव्हाही काटा झपाट्याने वर-खाली होतो. पाणी पूर्ण गेलं तर काटा चक्क खाली येऊ शकतो आणि इंजिन मात्र जळत असतं. म्हणून काहीही करण्याआधी पाण्याची पातळी बघायची. तीही इंजिन गार असतानाच.

हात घालण्याआधी

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी हात भाजतो. त्यामागचं कारण समजून घेतलं की हात आपोआप थांबतो. झाकणावर साधारण ०.९ बार दाबाचा व्हॉल्व्ह असतो. कुकरमध्ये होतं तसंच इथेही दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. नुसतं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि ११० अंशांचं पाणी त्या क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. इंजिन बंद करून किमान पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताने आरामात दाबता आला, तरच जाड फडकं ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा आणि उरलेला दाब जाऊ द्या.

दुसरी गोष्ट पंख्याची. इलेक्ट्रिक पंखा कधीही सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा. बोटं, ओढणी, लोंबणारी लेस त्याच्यापासून लांब ठेवा. बोनेटखाली वायर सोडताना बॅटरीची निगेटिव्ह बाजू काढा. ज्या चाचणीला करंट लागतो तेवढ्यापुरती ती जोडायची.

तिसरी गोष्ट कळकळीने सांगतो. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारीही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजरं आणि कुत्री गाडीखालीच झोपतात, सांडलेलं चाटतात आणि मरतात. कूलंट काढताना खाली टब ठेवा, सांडलं तर भरपूर पाण्याने धुऊन काढा.

काटा कधी, कुठे आणि किती वेगाने हलतो ते लिहून काढा

हे काम फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचंही. चार-पाच दिवस शेजारी बसणाऱ्याच्या हातात मोबाईल देऊन नोंदी करवून घ्या. गाडी चालवताना स्वतः लिहू नका. काटा कुठे होता, गाडी चालू होती की उभी, एसी चालू होता का, दिवे-वायपर चालू होते का, आणि काटा झटक्यात गेला की सावकाश, एवढं पुरे.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांना एक सोय आहे: लागणारे सगळे प्रकारचे रस्ते हाताशी आहेत. तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडीची संध्याकाळची कोंडी म्हणजे पंख्याची परीक्षा. गाडी उभी, वारा नाही, एसी चालू. पाम बीच रोड किंवा सकाळी लवकरचा ठाणे-बेलापूर रोड म्हणजे एकसारख्या वेगाची परीक्षा. मुंब्रा बायपासचा चढ किंवा घोडबंदरचा गायमुख घाट म्हणजे भाराची परीक्षा. कुठल्या परीक्षेत गाडी नापास होते, त्यावरून दोष ओळखायचा.

कोंडीत काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो: पंखा चालत नाही, उशिरा चालतो किंवा कमी जोराने चालतो. चढावर आणि वेगात चढतो पण कोंडीत ठीक असतो: रेडिएटर आतून तुंबलाय, वॉटर पंप पुरेसं पाणी फिरवत नाही किंवा होज पाइप आतून दबतोय. मोकळ्या रस्त्यावर काटा मध्याच्या खाली राहतो आणि कोंडीत आला की नीट होतो: थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलाय. गाडी सुरू केल्यावर काटा एकदा बराच वर जातो, मग एकदम खाली येऊन नीट राहतो: थर्मोस्टॅट उशिरा उघडतोय किंवा हवा अडकलीय. हेडलाइट लावल्यावर, इंडिकेटरच्या तालावर किंवा खड्ड्यात आपटल्यावर काटा हलतो: इथे पाण्याचा काही संबंध नाही, अर्थ किंवा कनेक्टर बघा. टेम्परेचरबरोबर पेट्रोलचा काटाही सरकतो: दोष मीटरच्या मागे आहे. जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना कमी आणि स्थिर व्होल्टेज देणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला किंवा मीटरचा अर्थ सैल झाला की दोघंही एकत्र भरकटतात.

आणखी एक खुबी लक्षात ठेवण्यासारखी आहे. खूप जुन्या गाड्यांत काटा तापमानाबरोबर सरळ चढतो. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत मात्र मीटर मुद्दाम शांत केलेला असतो: साधारण ७५ पासून १०० च्या पुढेपर्यंत काटा मध्यावरच उभा राहतो. अशा गाडीत काटा मध्यावरून थोडा जरी वर सरकला तरी प्रकरण आधीच गंभीर झालेलं असतं. "जरासाच तर वर गेलाय" म्हणून गाडी पुढे नेऊ नका.

पहिली पायरी: पाणी, झाकण आणि पाइप

सकाळी, गार इंजिनावर, रेडिएटरचं झाकण उघडा. फक्त प्लास्टिकच्या डब्यातली पातळी बघून समाधान मानू नका. डबा भरलेला आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हे नेहमी दिसतं. कारण बहुतेक वेळा झाकण असतं. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा दाब धरतो. मधला छोटा, गाडी गार होताना, डब्यातलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. छोटा अडकला की पाणी परत येत नाही, आत निर्वात होतो आणि सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. रबर कडक झालं असेल, स्प्रिंग गंजली असेल, मधली चकती नखाने उचलून आपोआप मिटत नसेल, तर झाकण बदला. नव्या झाकणावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा. जास्त दाबाचं झाकण लावून काही सुधारत नाही, उलट जुना रेडिएटर आणि पाइप फुटतात.

पाणी कमी होत असेल तर ते कुठे जातंय ते शोधा. वॉटर पंपाला, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतात आणि वाळून पांढरा किंवा हिरवट ओघळ राहतो. टॉर्च लावून तो ओघळ शोधा. पायाजवळचं कार्पेट ओलं, चिकट आणि काचेवर आतून तेलकट धूसरपणा असेल तर हीटरचा कोर गळतोय.

पाण्याचा रंगही बघा. विटकरी पाणी म्हणजे नुसत्या नळाच्या, नाहीतर बोअरवेलच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेली गाडी. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि सेन्सरच्या टोकावरही थर धरतात. थर बसलेला सेन्सर खोटं नाही, पण उशिरा बोलतो.

दुसरी पायरी: खरं तापमान मोजा

काटा खरा की खोटा हे ठरवायला दुसरा साक्षीदार हवा. तीन पर्याय आहेत.

बऱ्यापैकी नव्या, ओबीडी पोर्ट (गाडीचे दोष वाचायचं सॉकेट) असलेल्या गाडीत ब्लूटूथचं छोटं ओबीडी उपकरण लावून मोबाईलवर कूलंटचं तापमान बघता येतं. भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झालं, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत पोर्ट असलं तरी साधं उपकरण बोलेलच असं नाही. बोललं तर कोडही वाचा: पी ०११७ आणि पी ०११८ हे सेन्सरच्या सर्किटचे कोड आहेत, पी ०११९ म्हणजे मधूनमधून तुटणारा संपर्क, पी ०१२८ म्हणजे इंजिन वेळेत तापत नाही, बहुतेक थर्मोस्टॅट.

दुसरा पर्याय इन्फ्रारेड थर्मामीटर. कोविडमध्ये कपाळाला लावायचे ते नाही. त्यांची मर्यादा माणसाच्या तापापुरती असते. उद्योगात वापरतात तसा, २०० अंशांच्या पुढे मोजणारा घ्या. आणि तो चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, आकडा फार कमी येतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि जवळून त्या टेपवर नेम धरा. टेपवरचा आकडा आतल्या पाण्यापेक्षा थोडा कमी असतो, तो फरक गृहीत धरायचा.

तिसरा पर्याय बिनखर्चाचा: गाडीच्या खुणा. काटा लाल पट्टीत, पण पंखा सुरू झालेला नाही, वास नाही, डब्यात बुडबुडे नाहीत, इंजिनाचा आवाज नेहमीचा. मग काटा खोटा असण्याची शक्यता मोठी. तरीही गाडी थांबवून खात्री करा.

निरोगी गाडीत थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो आणि पंखा साधारण ९२ ते ९८ च्या दरम्यान सुरू होतो. हे आकडे मॉडेलप्रमाणे थोडे बदलतात.

तिसरी पायरी: काटा खोटा असेल तर

आधी एक घोळ निस्तरू. जुन्या गाडीत तापमान ओळखणारे दोन किंवा तीन वेगळे भाग असतात. एका वायरचा सेंडर डॅशबोर्डच्या काट्यासाठी, दोन वायरचा सेन्सर ईसीयूसाठी, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी, आणि कधीकधी तिसरा पंख्याचा थर्मोस्विच, जो ठरलेल्या तापमानाला पंखा सुरू करतो. दुकानात नुसतं "टेम्परेचर सेन्सर द्या" म्हटलं की यातला कुठलाही हातात पडतो, आणि काटा जुन्या सेंडरवर असताना ईसीयूचा सेन्सर बदलला जातो. जुना भाग काढून दाखवा किंवा वायरींची संख्या सांगा.

सर्वात आधी अर्थ. खाडीची खारी हवा आणि पावसाळा यांच्यामुळे आपल्या पट्ट्यातल्या गाड्यांचा हा सगळ्यात दुर्लक्षित आजार आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणाऱ्या जाड वायरींच्या टोकाला गोल टर्मिनल असतं. वरून ते काळपट पण घट्ट दिसतं. बोल्ट सोडून टर्मिनल उलटं केलं की खालच्या बाजूला हिरवी-पांढरी पूड साचलेली दिसते. त्याखालच्या पत्र्यावर तपकिरी गंजाचं कडं, आणि चकाकता धातू जेमतेम एका बाजूला, नखाएवढा. तेवढ्याशा जागेतून स्टार्टर, अल्टरनेटर, दिवे आणि तुमचा बिचारा टेम्परेचर काटा, सगळ्यांचा करंट परत जात असतो. सँडपेपरने दोन्ही बाजू घासा, बोल्ट घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्या.

खात्री मल्टिमीटरने करा. इंजिन सुरू, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवा, ०.२ च्या वर गेला तर तो अर्थ खराब. मग हेच बॉडीवर करा. हातासरशी बॅटरीचं व्होल्टेजही बघा: इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. पंधराच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय आणि काट्याबरोबर बल्बही जायला लागतील.

अर्थ चांगला निघाला तर सेंडरच्या वायरकडे या. ही चाचणी फक्त एका वायरच्या सेंडरवर करायची. ज्या गाडीत काट्याला माहिती ईसीयूकडून येते तिथे वायर अर्थ करायची नाही, तिथे स्कॅनरच लावायचा. चावी ऑन, इंजिन बंद. सेंडरची वायर ओढून मोकळी धरा: काटा पूर्ण खाली जायला हवा. मग वायरचं टोक एक छोटा तीन वॅटचा बल्ब मध्ये घेऊन इंजिनाच्या धातूला क्षणभर टेकवा: काटा वर निघायला हवा. काटा वर निघाला की लगेच वायर काढा. दोन्ही बरोबर झालं म्हणजे मीटर आणि वायर शाबूत आहेत, सेंडर किंवा त्याचा अर्थ दोषी. वायर मोकळी असूनही काटा वरच राहिला तर ती वायर मध्ये कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय. टेकवूनही काटा हलला नाही तर वायर तुटलीय किंवा मीटर गेलाय.

वायर शोधताना हातभर अंतराने हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जा आणि कुणाला तरी काट्यावर नजर ठेवायला बसवा. नवी मुंबईतल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, हे गाडीवाल्यांना वेगळं सांगायला नको; इंजिनाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला आधी बघा. पावसाळ्यात गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल तर प्रत्येक कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पिनांवर हिरवं दिसलं तर नुसतं पुसून ते थांबत नाही, टर्मिनल बदलावं लागतं.

सेंडर काढलाच आहे तर त्याची परीक्षा घरीच घ्या. एक टाकाऊ भांडं, पाणी, थर्मामीटर आणि मल्टिमीटर. हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. सेंडरचं फक्त टोक पाण्यात बुडवा, मीटर ओहमवर ठेवा, पाणी सावकाश तापवा आणि दर दहा अंशांना आकडा लिहा. तापमान वाढेल तसा रोध एकसारखा उतरायला हवा. ईसीयूच्या दोन वायरच्या सेन्सरमध्ये सर्वसाधारणपणे २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना साधारण तीनशेच्या आसपास येतो. डॅशबोर्डच्या सेंडरचे आकडे याहून बरेच कमी असतात आणि गाडीगणिक वेगळे. नेमक्या आकड्यापेक्षा उतरण बघा. मध्येच उडी, मध्येच सर्किट तुटल्याची खूण, किंवा टोकावर हलकं टिचकी मारताच आकडा बदलणं, म्हणजे सेंडर संपला.

बसवताना एक चूक फार घडते. एका वायरच्या सेंडरचा अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो. गळू नये म्हणून त्यावर पाच-सहा वेढे टेफ्लॉन टेप गुंडाळली की तो अर्थ तुटतो आणि नवाकोरा सेंडरही चुकीचं दाखवतो. मूळ वॉशर वापरा, किंवा टेप लावायचीच असेल तर अगदी पातळ, शेवटचे आटे मोकळे ठेवून.

चौथी पायरी: काटा खरा असेल तर पंखा

गाडी उभी ठेवून इंजिन चालू द्या आणि पंखा किमान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. सुरूच झाला नाही, तर एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर एक पंखा फिरतो, पण काहींत तो कंडेन्सरचा वेगळा पंखा असतो, म्हणून नेमका कुठला फिरतोय ते बघा. मग फ्यूज, मग रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच). बऱ्याचदा हॉर्नची किंवा दुसऱ्या कशाची रिले त्याच नंबरची असते. अदलाबदल करून दोन मिनिटांत निकाल लागतो. दोन वायरचा थर्मोस्विच असेल तर त्याचं कनेक्टर काढून दोन पिना जोडल्यावर पंखा फिरायला हवा. फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर मोटरला फ्यूज लावलेल्या वायरने थेट बॅटरी द्या. मोटर टिचकी मारल्यावर फिरायला लागली तर तिचे कार्बन ब्रश संपलेत.

मोटर नुकतीच बदलली असेल तर पंखा उलटा फिरत नाही ना, हेही बघा. समोरच्या जाळीवर कागद धरा. पंख्याने तो ओढून घ्यायला हवा. कागद उडून गेला तर वायरी उलट्या जोडल्यात.

पंखा "डायरेक्ट" करून घ्यायचा सल्ला हमखास मिळतो: चावी ऑन की पंखा ऑन. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरता तो ठीक. कायमचा नको. मोटर लवकर झिजते, अल्टरनेटरवर ओझं पडतं आणि मूळ दोष झाकला जातो.

पाचवी पायरी: थर्मोस्टॅट

गार इंजिन सुरू करा आणि वरच्या होज पाइपवर लक्ष ठेवा. थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत तो गारच राहतो आणि उघडला की थोड्याच वेळात चांगला गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन चांगलं तापलं तरी वरचा पाइप गारच, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय; वरचा पोळतोय आणि खालचा गार, तर पाणी फिरत नाही: रेडिएटर तुंबलाय किंवा पंप चालत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपच्या बाजूला असतो. तिथे हा हिशेब उलटा लावावा लागतो.

काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून त्याच भांड्यात तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याच्या आसपास फट दिसायला हवी आणि पाणी उकळीला येईपर्यंत तो बऱ्यापैकी उघडायला हवा. बसवताना त्याचं बारीक भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच बाहेर पडते.

"आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅट काढूनच टाकू" हे वाक्य अनुभवी मिस्त्रीही बोलतात, आणि इथे मी त्यांच्याशी ठामपणे असहमत आहे. तो थंडीसाठी नाही, इंजिन ठरलेल्या तापमानाला धरून ठेवण्यासाठी आहे. तो काढला की इंजिन गार राहतं, ईसीयू किंवा कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल ओततो, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, मायलेज उतरतं आणि पीयूसीचे आकडे बिघडतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर गरम पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट हा या सगळ्या यादीतल्या स्वस्त भागांपैकी एक आहे. बसवा.

सहावी पायरी: रेडिएटर आणि पंप

आधी बाहेरून. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि केस यांची गादी साचते. घोडबंदर रोडने मेट्रोच्या कामाच्या काळात रोज ये-जा केलेल्या गाडीत ती हमखास सापडेल. साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे, पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर नाजूक पाती आडवी पडतात आणि हवा कायमची अडते.

आतून तुंबलाय का हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. इंजिन पूर्ण गरम, पंखा बंद असताना, रेडिएटरच्या पृष्ठभागावर पट्ट्यापट्ट्याने मोजत जा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्याकडे सावकाश उतरायला हवं. मध्येच मोठा गार डाग म्हणजे तिथल्या नळ्या बंद. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर कारागीर टाकी उघडून तो रॉडने साफ करू शकतो; प्लास्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर बदललेलाच बरा.

पंपाचा पट्टा चकाकत असेल, चिरा असतील, अंगठ्याने खूप दबत असेल, तर तो घसरतोय. पंपाची पुली धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग गेलं. नुसत्या पाण्यावर चाललेल्या गाडीत पंपाची आतली पाती गंजून झडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन रेझ केल्यावर खालचा होज पाइप आत ओढला जात असेल तर पाइपच मऊ झालाय किंवा रेडिएटरमधून पाणी येत नाही.

सातवी पायरी: हेड गॅस्केट

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच इकडे या. गार इंजिन, झाकण उघडं, पाणी काठोकाठ, आणि इंजिन सुरू. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. थांबतच नाहीत, इंजिन रेझ केल्यावर वाढतात, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. गार गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी कोमटही नसताना, वरचा पाइप दगडासारखा कडक होणं ही तशीच खूण. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना फुस्स आवाज आला, तर तीही गंभीर घ्या.

ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढीच फिरणाऱ्या गाडीत ओलाव्याने ती येते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तेव्हाच चिंता करा. हेड उघडण्याआधी ब्लॉक टेस्टची मागणी करा: रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावणातून ओढतात. पेट्रोल गाडीत द्रावण पिवळं झालं तर ज्वलनाचा वायू नक्की. हेड उतरलंच तर ते सपाट आहे का हे मोजल्याशिवाय नवी गॅस्केट घालू देऊ नका.

रस्त्यात काटा चढला तर

वाशीच्या खाडीपुलावर किंवा ऐरोली पुलावर मध्येच थांबणं धोक्याचं असतं. काटा चढताना दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, काचा खाली. हीटरचा कोर म्हणजे छोटा रेडिएटरच; घाम फुटेल पण इंजिनाची उष्णता आत खेचली जाईल आणि पूल ओलांडण्यापुरता वेळ मिळेल. कोंडीत न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर जरासा दाबून धरा, पंप थोडा जोराने फिरेल. काटा लाल पट्टीत गेला, वाफ दिसली किंवा हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, तर लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. गार हवा म्हणजे हीटरपर्यंत पाणीच पोचत नाही. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

शेवटचं काम: भरणं आणि हवा काढणं

दुरुस्ती अचूक करूनही काटा पुन्हा नाचतो, याचं सगळ्यात नेहमीचं कारण राहिलेली हवा. तयार मिश्रण घ्या, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रंगावरून प्रकार ठरत नाही, म्हणून आधीचा कुठला होता हे माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन, नवं भरा. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहील. हीटर पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि सावकाश भरत जा. स्क्रूतून सलग धार आली की तो बंद करा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, होज पाइप हाताने दाबत राहा आणि पातळी उतरेल तसं भरा. बुडबुडे थांबले आणि पाणी वर यायला लागलं की, उकळी यायच्या आत, झाकण लावा. पंखा दोनदा फिरेपर्यंत थांबा आणि मग गाडी पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर आणि डबा दोन्हींची पातळी बघा. बहुतेक वेळा पेलाभर पाणी आणखी लागतं. ते घाला आणि ज्या रस्त्यावर गाडी नापास झाली होती, त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, एसी लावून पुन्हा एक फेरी मारा.